धागा: ५ टक्के म्हणजे ०.५ की ०.०५? सातवीतल्या मुलीला कसं समजावू?

अवंती_इंदूर | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे. आम्ही इंदूरचेच, सुदामा नगरला राहतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, ट्यूशनच्या मॅडम हिंदीतून समजावतात आणि घरी मराठी. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन नावं झाली आहेत: डेसिमल, दशमलव, दशांश.

काल तिची वही उघडली. टक्क्यांचं दशांशात रूपांतर करायचं होतं. तिने लिहिलं होतं:

३५% = ०.३५
५% = ०.५
१२५% = ०.१२५
०.५% = ०.५

चारातलं एक बरोबर. विचारलं तर म्हणाली, "मम्मी, परसेंट हटाओ और आगे पॉइंट लगाओ, बस." वर्गात सोडवलेली सगळी उदाहरणं ३५, ४८, ७२ अशी दोन आकडी होती. तिथे हा नियम चालून गेला आणि तिने तोच पक्का केला.

पण मला काळजी वाटली ती पुढच्या गणितामुळे. ८०० रुपयांच्या वस्तूवर ५% सूट, तर किती रुपये द्यायचे? हिने ८०० ला ०.५ ने गुणलं, ४०० वजा केले, ४०० उत्तर लिहून मोकळी झाली. पाच टक्के सूट आणि वस्तू निम्म्या किमतीत! यात काही चुकतंय असं तिला वाटलंसुद्धा नाही. ओरडायचं नाही असं ठरवलंय. मुळापासून कसं सांगू?

बँकवाले_काका | शनिवार, रात्री ९.३४

अवंतीताई, अगदी सोपं आहे. टक्के म्हणजे पैसे आणि दशांश म्हणजे रुपये. एवढंच सांगा.

३५ पैसे रुपयात कसे लिहितो? ०.३५. पाच पैसे? ०.०५. सव्वाशे पैसे? १.२५. अर्धा पैसा? ०.००५. तिची चारही उदाहरणं यात बसतात.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे असा हिशेब होता. माझे वडील दुकानात हिशेब लिहायचे. ते सांगत, सुरुवातीला लोक गोंधळले, कारण एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होतात आणि पाव पैसा देणार कसा? पण शेकड्याचा हिशेब त्या दिवसापासून सोपा झाला, कारण रुपयाचेच शंभर भाग झाले. महाराष्ट्रात पिकाची आणेवारी असायची, तिची पुढे पैसेवारी झाली. पैसेवारी ५० पैशांच्या खाली म्हणजे पीक निम्म्यापेक्षा कमी. तिथे सरळसरळ टक्क्यांनाच पैसे म्हटलंय.

पोहे_जिलेबी | शनिवार, रात्री ९.४१

काका, उदाहरण सुंदर आहे, पण माझ्या मुलाने पाच पैसे डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आताच्या पोरांना रुपया म्हणजे मोबाइलवरचा आकडा.

सुईदोरा | शनिवार, रात्री १०.०२

मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. गणित फार शिकलेली नाही, पण हे रोज हाताखालून जातं म्हणून लिहिते.

पैसे नसतील तर टेप द्या तिच्या हातात. शंभर सेंटिमीटरचा एक मीटर. दुकानात कापड मागताना आम्ही ८० सेंटिमीटर म्हणतो आणि बिलावर ०.८० मीटर येतं. ५ सेंटिमीटर ०.०५ येतं. शिवणाचा टेप १५० सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे १२५ सुद्धा त्यावर सापडतं, एक मीटर संपून पुढे पाव. आणि अर्धा टक्का हवा असेल तर शून्य आणि एकच्या मधली रेघ, ५ मिलिमीटर. ती रेघ कुठे आणि ५० वाली निम्म्या मीटरची जागा कुठे, तिला बोट ठेवून दाखवा. ०.५% ला ०.५ लिहिणं म्हणजे ती बारीक रेघ आणि अर्धा मीटर एकच समजणं.

माझं रोजचं गणितही देते. सुती कापड आधी भिजवून घेते, कारण ते आटतं. समजा अडीच मीटर कापड ५% आटलं, तर २.५ × ०.०५ = ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर गेले. ०.५ ने गुणलं असतं तर सव्वा मीटर आटलं असं उत्तर आलं असतं. असं कापड गिऱ्हाइकाला परत देता येईल का? हा प्रश्न तिला विचारा.

अवंती_इंदूर | शनिवार, रात्री १०.१५

ताई, किती छान सांगितलंत! टेप घरात आहे, उद्याच काढते.

फळा_खडू | शनिवार, रात्री १०.४८

मी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतो. वरची दोन्ही उदाहरणं उत्तम आहेत, पण पैसे किंवा टेप हे पुढे. आधी % या चिन्हाचा अर्थ. % म्हणजे 'भागिले शंभर'. तिला एकच सवय लावा: % दिसलं की खोडायचं नाही, त्या जागी /१०० लिहायचं.

५% = ५/१०० = ०.०५
१२५% = १२५/१०० = १.२५
०.५% = ०.५/१०० = ५/१००० = ०.००५

'चिन्ह काढून टाका' ही शिकवण मला मुळात पटत नाही. चिन्ह काढलं तर संख्या शंभरपट झाली. ५% आणि ५ यांत शंभरपटीचा फरक आहे, तो कुठेतरी भरून काढायला नको का?

दुसरं म्हणजे सोडवण्याआधी अंदाज. ८०० चे १०% किती? ८०. मग ५% त्याच्या निम्मे, ४०. हे तोंडी झालं पाहिजे, मग वही. ज्या मुलाने ४० चा अंदाज आधी केलाय ते मूल ४०० लिहून पान उलटणार नाही.

मालवी_भिया | शनिवार, रात्री ११.०५

सर, आदर ठेवून असहमत. मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. तिथे /१०० लिहीत बसलं तर वेळ संपतो. 'पॉइंट दोन घरं डावीकडे' हा नियम वाईट नाही, अर्धवट सांगितलाय. पूर्ण नियम असा: प्रत्येक पूर्ण संख्येच्या शेवटी न दिसणारा पॉइंट असतो. ५ म्हणजे '५.', पाचाच्या पुढे पॉइंट. तो पॉइंट दोन घरं डावीकडे न्यायचा, घर रिकामं असेल तर शून्य भरायचं. ५. → ०.०५. १२५. → १.२५. ०.५ → ०.००५. कधी चुकत नाही.

फळा_खडू | शनिवार, रात्री ११.२०

तुम्हाला चुकत नाही कारण तुम्हाला मागचं कारण माहीत आहे. सातवीतल्या मुलीला डावीकडे की उजवीकडे हेच दोन महिन्यांनी आठवत नाही. शिवाय पॉइंट सरकतच नाही, आकडे जागा बदलतात. ५ एककाच्या घरात होता, शंभराने भागल्यावर शतांशाच्या घरात गेला. एकक, दशांश, शतांश अशी घरं आखून ५ ची चिठ्ठी हाताने सरकवायला लावा.

मालवी_भिया | शनिवार, रात्री ११.२६

चिठ्ठीची कल्पना आवडली. धाकट्या भावावर करून बघतो.

रामबागची_माई | रविवार, सकाळी ७.३०

पहाटे धागा वाचला. मी इंदुरातच मराठी माध्यमात प्राथमिकला शिकवत होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

अवंती, तुझी लेक ०.०५ वाचते कसं? 'पॉइंट झीरो फाइव' किंवा 'शून्य दशमलव शून्य पाँच', होय ना? या वाचनात फक्त आकडे ऐकू येतात, किंमत ऐकू येत नाही. आम्ही मुलांकडून वाचून घ्यायचो: 'शून्य पूर्णांक पाच शतांश'. आणि ०.५ म्हणजे 'शून्य पूर्णांक पाच दशांश'. आता बघ, शतांश म्हणजे शंभरावा भाग. पाच टक्के म्हणजे शेकड्यातले पाच. पाच शतांश आणि पाच टक्के हे एकच वाक्य झालं! रूपांतर करायला काही उरलंच नाही, नुसतं वाचायचं. पाच दशांश म्हटलं की दहातले पाच, म्हणजे निम्मे. कानालाच कळतं की हे पाच टक्के नव्हेत.

तीन भाषांचा गोंधळ म्हणालीस. मला तो गोंधळ वाटत नाही. शाळेत डेसिमल म्हणू दे, ट्यूशनला दशमलव म्हणू दे, पण मोठ्याने वाचताना मराठीत वाच म्हणावं.

आणि पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तिच्या कानावर आहेत ना? आमच्या पिढीला अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीही पाठ असायची. तेवढं पाठ नको. पण २५% म्हणजे पाव, ५०% निम्मे, ७५% पाऊण, १२५% सव्वापट आणि १५०% दीडपट हे तोंडावर हवं. सव्वापट म्हणजे एकाच्या वर, मग १२५% चं ०.१२५ होईलच कसं?

सुईदोरा | रविवार, सकाळी ७.५२

माई, 'पाच शतांश' वाचून अंगावर काटा आला. आमच्या बाईंनी असंच वाचून घेतलं होतं. विसरूनच गेले होते मी.

अवंती_इंदूर | रविवार, सकाळी ९.१५

माई, नमस्कार. हे मी स्वतः शाळेत शिकले आणि लेकीला सांगायचं राहून गेलं.

सकाळी पोहे खाताना तिला सव्वापट सांगितलं. पण तिचं म्हणणं, "परसेंट सौ से ऊपर जाता ही नहीं. मार्क कधी शंभराच्या वर मिळतात का?" तिच्यापाशी टक्के म्हणजे फक्त मार्कांचे. आता?

पोहे_जिलेबी | रविवार, सकाळी ९.३३

हे माझ्यावर सोडा. ८ डिसेंबर २०११, आपलं होळकर स्टेडियम, सेहवाग १४९ चेंडूंत २१९. मी स्टँडमध्ये होतो, त्या रात्री घसा बसला होता! २१९ भागिले १४९ करा, साधारण १.४७ येतं. स्ट्राइक रेट म्हणून पडद्यावर काय दिसतं? १४७ च्या आसपास. दर चेंडूला १.४७ धावा आणि शंभर चेंडूंना १४७, आकडा एकच, लिहायची तऱ्हा दोन. त्याच मैदानावर २२ डिसेंबर २०१७ ला रोहित शर्मा ४३ चेंडूंत ११८. २.७४, म्हणजे स्ट्राइक रेट २७४. आता शंभराच्या वर जातं की नाही सांगा तिला.

फळा_खडू | रविवार, सकाळी ९.५०

उदाहरण आवडलं, उद्या वर्गात वापरणार. फक्त एक बारकावा. स्ट्राइक रेट हा शेकड्याचा हिशेब आहे, पण धावा हा चेंडूंचा हिस्सा नव्हे. मार्कांत मिळालेले गुण हे एकूण गुणांचा हिस्सा असतात, हिस्सा पूर्णाहून मोठा होत नाही, म्हणून तिथे शंभर ही हद्द. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना असली की हद्द राहत नाही. मागच्या वर्षी रोपटं ४० सेंटिमीटर होतं, यंदा ५० आहे, तर ते मागच्या वर्षीच्या १२५% झालं.

घरचं_दूध | रविवार, सकाळी १०.२०

लहान टक्क्यांच्या सरावासाठी दुधाच्या पिशव्या घ्या. टोन्डवर ३% फॅट, डबल टोन्डवर १.५%, फुल क्रीमवर ६%. दशांशात ०.०३, ०.०१५, ०.०६. मुलं १.५% ला हमखास ०.१५ लिहितात. त्यांना विचारा, एक किलो दुधात ०.१५ म्हणजे दीडशे ग्रॅम फॅट? मग फुल क्रीमपेक्षा हेच जाड झालं की! खरं उत्तर १५ ग्रॅम.

सराफ्यातला | रविवार, दुपारी १२.४०

आमच्या धंद्यातलं एक. दागिन्यावर ९१६ चा हॉलमार्क असतो तो शेकड्याचा नाही, हजाराचा हिशेब आहे. हजार भागांत ९१६ भाग सोनं. २२ कॅरेट म्हणजे चोविसातले बावीस, २२ ÷ २४ = ०.९१६६… टक्क्यांत ९१.६. १८ कॅरेटवर ७५० दिसेल, म्हणजे ०.७५०, आपलं पाऊण. इंदूरचा सराफा बाजार रात्री खाण्यासाठी सगळ्यांना माहीत आहे, मुलीला एकदा दिवसा घेऊन या, भिंग लावून शिक्का दाखवतो.

बँकवाले_काका | रविवार, दुपारी ३.१५

जेवण झालं, आता निवांत लिहितो. विषय जरा बाजूला जाईल, पण मुलांना हे कळणं फार गरजेचं आहे.

टक्के दशांशात आणता आले तरी 'कशाचे' आणि 'किती काळाचे' हे दोन प्रश्न उरतात. शाळेच्या गणितात द.सा.द.शे. लिहिलेलं असतं, दर साल दर शेकडा. बाजारात मात्र उसने पैसे देणारा म्हणतो, "दो रुपया सैकड़ा." ऐकणाऱ्याला वाटतं, वा, बँकेपेक्षा स्वस्त! पण ते दरमहा असतं. दहा हजारांवर १०,००० × ०.०२ = २०० रुपये महिन्याला, वर्षाला २,४००. म्हणजे २४ टक्के. नोकरीत असताना कितीतरी माणसं काउंटरपलीकडे उभी राहून सांगायची की साहेब, दोनच टक्के होतं, एवढं कर्ज कसं झालं? त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर असायचं, पण उशीर झालेला असायचा. म्हणून सातवीतल्या मुलीला हे आताच सांगा.

दरमहा शेकडा ही पद्धत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) पंचराशिकाचं (पाच संख्या दिलेल्या, सहावी काढायची) उदाहरण आहे: शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळांवर वर्षाचं किती? आपल्या रीतीने १६ × ०.०५ × १२ = ९.६. तिथे उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश असं येतं, तेच हे. तुमच्या लेकीने ०.५ धरलं असतं तर सोळांवर शहाण्णव व्याज!

रामबागची_माई | रविवार, दुपारी ३.४०

काका, हे वाचून फार बरं वाटलं. पाटीवर आम्ही त्रैराशिक असंच मांडायचो. शंभराला पाच, तर आठशेला किती? दशांश नकोच असेल तर हीही वाट आहे.

राजवाडा_खरेदी | रविवार, सायंकाळी ५.०५

सूट म्हणाल तर माझाही एक अनुभव. साडी २,५०० ची, पाटीवर '२०% + १०% सूट'. मी मनात ३०% धरून १,७५० घेऊन गेले, बिल १,८०० आलं. वाद घातला, मग घरी येऊन मांडलं: २,५०० × ०.८ × ०.९ = १,८००. दुसरे दहा टक्के उरलेल्या २,००० चे होते. एकूण सूट २८%. दुकानदार बरोबर होता, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आले.

मालवी_भिया | रविवार, सायंकाळी ५.२०

तोंडी हिशेबासाठी एक देतो: ५० चे ८% आणि ८ चे ५०% सारखेच. पहिलं अवघड वाटतं, दुसरं तर निम्मे, ४. तसंच २५ चे १६% म्हणजे १६ चे पाव, पुन्हा ४. दोन्हीकडे गुणाकार तोच, शंभराने भागणंही तेच.

अवंती_इंदूर | रविवार, रात्री ९.३०

मंडळी, आजचा दिवस सांगते.

दुपारी दाराच्या चौकटीला टेप चिकटवला. एका बाजूला सेंटिमीटर म्हणजे टक्के, दुसऱ्या बाजूला पट्टीवर ती स्वतः मीटरमध्ये लिहीत गेली. ५ पाशी तिने ०.५ लिहिलं, मग ५० पाशी आली, तिथेही ०.५. थांबली. दोन्हीकडे बघितलं आणि काही न बोलता खालचं खोडून ०.०५ केलं. मी तोंडातून शब्द काढला नाही, एवढं मात्र कठीण गेलं.

मग माईंचं वाचन. 'पाच शतांश' तीनदा म्हणाली आणि विचारते, "मग ३५% म्हणजे पस्तीस शतांश? बस इतना ही?" हो बाई, एवढंच. अर्ध्या टक्क्यासाठी मिलिमीटरची रेघ दाखवली, त्याला 'पाच सहस्रांश' तिनेच म्हटलं. टेपपाशी उभी राहून स्वतःला मोजलं आणि घरभर सांगत होती, "मी एक मीटरच्या १४८ टक्के आहे."

८०० चं गणित पुन्हा दिलं. आधी अंदाज: दहा टक्के ऐंशी, पाच टक्के चाळीस. मग ८०० × ०.०५ = ४०, उत्तर ७६०.

उलट्या दिशेला मात्र अडली. ०.७५ चे ७५% केले, पण ०.६ चे ६%.

रामबागची_माई | रविवार, रात्री ९.४१

वाचायला लाव. सहा दशांश. दशांशाच्या एका घरात दहा शतांश, मग सहा दशांशांचे किती शतांश? साठ. ०.६ ला ०.६० लिहू दे, म्हणजे डोळ्यालाही दिसेल.

अवंती_इंदूर | रविवार, रात्री ९.५८

झालं, माई! साठ टक्के.

आता तिचा स्वतःचा प्रश्न, तिच्याच शब्दांत टाईप करते: "५०० रुपयांचा फ्रॉक दुकानदाराने २०% महाग केला आणि मग सेलमध्ये २०% स्वस्त केला. ४८० का झाले? २० रुपये कुठे गेले?"

सुईदोरा | रविवार, रात्री १०.०६

शाब्बास पोरी! पहिले वीस टक्के ५०० चे, म्हणजे १००. दुसरे वीस टक्के ६०० चे, म्हणजे १२०. जास्तीचे वीस तिथे गेले. आता तू सांग, ६०० चे परत ५०० करायला किती टक्के उतरवावे लागतील?

अवंती_इंदूर | रविवार, रात्री १०.३२

१०० ÷ ६०० करत बसली आहे. ०.१६६६ पर्यंत पोचली, भागाकार संपतच नाहीये. झोपायची वेळ झाली तरी उठायला तयार नाही. विचारते आहे, किती सहा लिहू?

फळा_खडू | रविवार, रात्री १०.३५

टक्क्यांत दोन घरांपर्यंत पुरे: १६.६७. शेवटच्या ६ चा ७ का झाला, ते तिला उद्या सकाळी विचारा.